मुलगीच ‘फर्स्ट लेडी’? मग ती नेमकं काम काय करते?

मार्च २०२४ मध्ये आसिफ अली झरदारी दुसऱ्यांदा पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ‘फर्स्ट लेडी’चा मान त्यांची धाकटी मुलगी आसिफा हिला मिळणार, अशी बातमी आली. झरदारींच्या पत्नी बेनझीर भुट्टो यांची हत्या २००७ मध्येच झाली होती. तरीही बातमी वाचून बरेच जण बुचकळ्यात पडले. फर्स्ट लेडी म्हणजे राष्ट्राध्यक्षांची बायको, एवढंच आपल्याला माहीत. ती जागा मुलीला कशी काय मिळते? असा मान कुणाला ‘देता’ येतो का? त्याला पगार असतो का?

ही प्रथा वारंवार वापरली गेली ती अमेरिकेत. तिथे मुलींनी, सुनांनी, भाच्या-पुतण्यांनी, अगदी बहिणींनीसुद्धा हे काम केलंय. त्यांच्यात १८६५ ते १८६९ या काळात वडील, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन, यांच्यासाठी व्हाइट हाउस चालवणारी मार्था जॉन्सन पॅटरसन हे उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. हे काम किती खर्चाचं, किती कटकटीचं आणि किती राजकीय असतं, ते तिच्या चार वर्षांत स्पष्ट दिसतं.

पद नाही, पगार नाही

अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘फर्स्ट लेडी’ हा शब्दच नाही. आपल्या राज्यघटनेतही राष्ट्रपतींच्या पती-पत्नीला कसलंही पद दिलेलं नाही. निवडणूक नाही, शपथ नाही, मुदत नाही, पगार नाही.

पण काम मात्र आहे. राष्ट्राध्यक्षाला परदेशी पाहुण्यांना, राजदूतांना, खासदारांना, न्यायाधीशांना जेवायला बोलवावं लागतं. तिथे दारात उभं राहून स्वागत करणं, कुणाला कधी बोलवायचं ते ठरवणं, कोण कुठे बसणार ते पाहणं, घर आणि नोकरचाकर सांभाळणं, ही जबाबदारी जी उचलते ती ‘अधिकृत यजमानीण’. बहुतेक वेळा ती बायकोच असते, म्हणून दोन्ही गोष्टी एकच वाटतात. बायको नसली किंवा तिला जमत नसलं, की त्या वेगळ्या होतात.

मुलीवर ही वेळ कधी येते?

पहिलं कारण उघड आहे: राष्ट्राध्यक्ष विधुर असतो. थॉमस जेफरसन निवडून आले तेव्हा त्यांच्या पत्नीला जाऊन १८ वर्षं झाली होती. त्यांची थोरली मुलगी मार्था रँडॉल्फ दोन हिवाळे व्हाइट हाउसमध्ये येऊन राहिली आणि १८०६ च्या जानेवारीत तिचं एक बाळंतपणही तिथेच झालं. एरवी मंत्रिमंडळातले सहकारी मॅडिसन यांच्या पत्नी डॉली मदतीला यायच्या. बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलिन १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या आणि शेवटचे काही महिने मुलगी मेरी मॅकी हिने निभावले.

दुसरं कारण आजारपण. जॉन टायलर यांच्या पत्नी लेटिशिया यांना आधीच पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. तिथे आधी सून प्रिसिलाने सगळं सांभाळलं आणि पुढे काही काळ मुलगी लेटिशिया सेंपल हिने.

तिसरं कारण म्हणजे बायकोची इच्छाच नसणं. झॅकरी टेलर यांच्या पत्नी मार्गारेट वरच्या मजल्यावरून फारशा खाली उतरल्याच नाहीत. समारंभांना उभी राहायची ती पंचविशीतली मुलगी बेटी ब्लिस. तिचा नवरा सैन्यात अधिकारी होता आणि सासऱ्यांचा सचिव म्हणूनही काम करत होता.

चौथं कारण विसाव्या शतकातलं, आणि तेही पेरूमधलं. १९९४ मध्ये आल्बर्तो फुजिमोरी यांचं पत्नीशी बिनसलं. त्यांनी तिच्याकडून फर्स्ट लेडीचा मान काढून घेतला आणि १९ वर्षांच्या मुलीला, केइकोला, दिला. हीच केइको पुढे २०११ पासून स्वतः राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका लढवू लागली.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण पंतप्रधानांच्या घरचं आहे. नेहरू विधुर होते आणि तीन मूर्ती भवनातली यजमानीण इंदिरा गांधी होत्या. त्या टेबलाभोवती कोण कोण बसून गेलं आणि त्यातून त्या काय शिकल्या, हे सांगायला नको.

जेवायला बोलावणं यात एवढं अवघड काय?

अवघड आहे तो मानपान. लग्नकार्यात आहेर उलटसुलट झाला, वरमाईला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली नाही, तर दोन्ही घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. सरकारी मेजवानीत त्या दोन घरांच्या जागी दोन देश असतात. त्यासाठी प्रत्येक देश मानाचा क्रम लिहून ठेवतो: आधी कोण, मागून कोण, कुणाच्या शेजारी कोण. आपल्याकडेही असा तक्ता आहे आणि तो गृह मंत्रालय सांभाळतं.

हा क्रम मोडला की काय होतं, ते जेफरसन यांनी दाखवून दिलं. सगळे सारखे, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने बसावं, असं त्यांचं धोरण होतं. डिसेंबर १८०३ मध्ये ब्रिटनचे नवे राजदूत अँथनी मेरी सपत्नीक जेवायला आले. प्रथेप्रमाणे जेफरसन यांनी मिसेस मेरींना हात देऊन टेबलाकडे न्यायला हवं होतं. त्यांनी हात दिला डॉली मॅडिसनना. मेरी दांपत्याला हा आपल्या राजाचाच अपमान वाटला. तक्रार लंडनपर्यंत गेली आणि त्या दोघांनी व्हाइट हाउसच्या जेवणावळींवर पाणी सोडलं.

दुसरी भानगड भेटीगाठींची. त्या काळी वॉशिंग्टनमध्ये नव्याने आलेल्या बाईने कुणाच्या घरी आधी जायचं आणि कुणी परतभेट द्यायची, याचे काटेकोर नियम होते. पुढचे एक राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांच्या पत्नी एलिझाबेथ यांची प्रकृती नाजूक असल्यामुळे १८१७ नंतर यातलं बरंचसं काम थोरली मुलगी एलायझा हिच्याकडे आलं. ही बाई पॅरिसमध्ये शिकलेली आणि स्वभावाने ताठ. राजदूतांच्या बायकांकडे आपण आधी जाणार नाही, असं तिने ठरवलं. भांडण इतकं वाढलं की परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी अॅडम्स यांना मध्यस्थी करावी लागली. १८२० मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न व्हाइट हाउसमध्ये झालं, तेव्हा राजदूतांना बोलावणंच नव्हतं. नवरीच्या बहिणीचा हट्ट आणि परराष्ट्र खात्याची डोकेदुखी!

मार्था जॉन्सन पॅटरसन: मोडक्या घरात पहिलं पाऊल

मार्थाचा जन्म २५ ऑक्टोबर १८२८ चा, पूर्व टेनेसीतल्या ग्रीनव्हिल गावचा. वडील अँड्र्यू जॉन्सन शिंपी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाला लिहिणं आणि हिशेब नीट करायला बायको एलायझाने शिकवलं. पुढे वडील खासदार झाले, तेव्हा मार्था वॉशिंग्टनला लागून असलेल्या जॉर्जटाउनमध्ये मुलींच्या शाळेत शिकली आणि सुटीच्या दिवशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक आणि त्यांच्या पत्नी सारा यांची पाहुणी म्हणून व्हाइट हाउसमध्ये जाऊ लागली. सारा पोक या काटेकोर यजमानीण म्हणून प्रसिद्ध होत्या. मार्थाचं या कामाचं शिक्षण झालं ते तिथे. १८५५ मध्ये तिने डेव्हिड पॅटरसन या न्यायाधीशाशी लग्न केलं. एक मुलगा झाला, एक मुलगी.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले, आणि उपाध्यक्ष जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. लिंकन यांच्या पत्नी मेरी शोकाने खोलीत बंद होत्या, त्या जवळपास पाच आठवडे व्हाइट हाउस सोडू शकल्या नाहीत. जॉन्सन यांनी घाई केली नाही. ते अर्थखात्याच्या इमारतीतून कारभार पाहत राहिले. माणूस म्हणून हे त्यांना शोभलं, पण या पाच आठवड्यांत खाली घरावर कुणाचंच लक्ष नव्हतं. लोक सरळ आत यायचे आणि आठवण म्हणून पडद्याचा, गालिच्याचा तुकडा कापून न्यायचे. भांडीकुंडीही गेली. त्याआधीची चार वर्षं उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची, आणि युद्धाच्या सुरुवातीला तर ईस्ट रूम या सगळ्यात मोठ्या दालनात सैनिकांनी मुक्काम केला होता. मार्था आली तेव्हा फर्निचर फाटलेलं होतं, गालिचे विटलेले होते आणि किडे झाले होते.

घरात माणसं बारा: आईवडील, दोन भाऊ, मार्था, तिचा नवरा आणि दोन मुलं, शिवाय नुकतीच विधवा झालेली बहीण मेरी स्टोव्हर आणि तिची तीन मुलं. आई एलायझा क्षयाने आजारी, ती वरच्या मजल्यावरच राहायची. तेव्हा वेस्ट विंग, म्हणजे कचेऱ्यांची वेगळी इमारत, नव्हती, ती १९०२ ची. राष्ट्राध्यक्षांची कचेरीही त्याच वरच्या मजल्यावर होती. म्हणजे एका टोकाला आजारी बाई आणि नातवंडं, दुसऱ्या टोकाला नोकऱ्या आणि माफीपत्रं मागायला आलेल्यांची रीघ.

आपण पूर्व टेनेसीच्या डोंगरातली साधी माणसं, देशावरच्या संकटामुळे थोड्या काळासाठी इथे आलो आहोत, फार अपेक्षा ठेवू नका, अशा अर्थाचं मार्थाचं वाक्य तेव्हाच गाजलं आणि अजूनही उद्धृत होतं. वाक्य गोड आहे, पण ते जसंच्या तसं खरं मानू नये. या ‘साध्या माणसांच्या’ घरात १८६३ पर्यंत गुलाम होते. आणि बाई म्हणाली तितकी ती अननुभवीही नव्हती.

पहिली मोठी परीक्षा १ जानेवारी १८६६ ची. नववर्षाच्या दिवशी व्हाइट हाउस सर्वांना खुलं असायचं. ही प्रथा १९३२ पर्यंत चालली. लोक रांगेने आत येत, राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन करत आणि ईस्ट रूममधून बाहेर पडत. हजारो पावलांखाली येणारे गालिचे तर फाटलेले, आणि नव्यांसाठी पैसे नव्हते. मार्थाने गालिच्यांवरून पांढरं कापड घट्ट ताणून बसवलं आणि खोल्या फुलांनी सजवल्या. यात दोन गोष्टी साधल्या. फाटकं झाकलं गेलं, आणि चिखलाच्या बुटांचा मार कापडावर बसला. गालिचा बदलण्यापेक्षा कापड धुणं केव्हाही स्वस्त.

मग संसदेने दुरुस्तीसाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. इथे आधीचा इतिहास लक्षात घ्यायला हवा. १८६१ मध्ये मेरी लिंकन यांना याच कामासाठी २०,००० डॉलर मिळाले होते. त्यांनी ते ओलांडले, आणि ऐन युद्धात झालर-पडद्यांवर खर्च म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना फाडून खाल्लं. मार्थाने ठेकेदारांवर सगळं न सोपवता काम डोळ्यांखाली करून घेतलं: भिंतींना नवा कागद, जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड, जिथे चालेल तिथे जुनंच पुन्हा. माळ्यावर धूळ खात पडलेली जुन्या राष्ट्राध्यक्षांची तैलचित्रं बाहेर काढून मधल्या मार्गात लावण्यात आली. त्यावर खर्च जवळजवळ शून्य, आणि दिसायला भारदस्त.

आणि गाई. मार्थाने दोन जर्सी गाई आणल्या आणि त्या व्हाइट हाउसच्या हिरवळीवर चरू लागल्या. सकाळी साध्या सुती कपड्यांवर एप्रन बांधून ती स्वतः दूध-लोण्याचं बघायची, आणि संध्याकाळी तीच बाई राजदूतांच्या स्वागताला उभी. वर्तमानपत्रांना हे चित्र फार आवडलं.

पण गाई कशाला? सरकार खर्च देत नव्हतं का?

नव्हतं. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. राष्ट्राध्यक्षांचा पगार १७८९ पासून वर्षाला २५,००० डॉलर होता आणि तो १८७३ पर्यंत तेवढाच राहिला. सरकार देत होतं ते घर, त्याची दुरुस्ती, फर्निचर, माळी, दारवान. पण जेवणावळी राष्ट्राध्यक्षाच्या खिशातून. चाळीसेक माणसांची मेजवानी, दर हंगामात अनेक, वर घरची बारा तोंडं. अशा घरात दूध-लोणी विकत न आणणं हा मोठा फरक होता. साधेपणाचं प्रदर्शन म्हणून नव्हे, तर महिन्याचा हिशेब म्हणून त्या गाईंकडे बघावं असं मला वाटतं. कोठार आणि स्वयंपाकघरावर देखरेख होती विल्यम स्लेड यांची. लिंकन यांचे विश्वासू म्हणून काम केलेले हे कृष्णवर्णीय गृहस्थ जॉन्सन यांच्या काळात व्हाइट हाउसचे स्टुअर्ड झाले.

आज चित्र बदललंय. दुसऱ्या देशाच्या प्रमुखासाठी जी सरकारी मेजवानी होते तिचा खर्च परराष्ट्र खातं उचलतं. पण राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाचं रोजचं खाणंपिणं, साबण, टूथपेस्ट यांचं बिल आजही दर महिन्याला त्यांच्याच नावाने येतं.

नुसती शोभाच ना? राजकारणाला काय फरक पडतो?

१८६८ साली काय झालं ते पाहू. जॉन्सन यांचं संसदेशी उभं वैर होतं. दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांशी ते मऊ वागत आणि नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना हक्क देणारी विधेयकं परत पाठवत. १८६६ च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांचं शिष्टमंडळ मताधिकार मागायला व्हाइट हाउसमध्ये आलं, आणि हात हलवत परत गेलं. मार्थाच्या नीटनेटक्या दिवाणखान्याची वर्णनं वाचताना त्याच घरात हेही घडत होतं, हे विसरू नये.

२४ फेब्रुवारी १८६८ रोजी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग आणला. महाभियोग म्हणजे राष्ट्राध्यक्षावर आरोप ठेवणं. दोषी की निर्दोष ते संसदेचं दुसरं सभागृह, सिनेट, ठरवतं आणि पदावरून काढायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. हा खटला चालू असतानाही मार्थाने स्वागत समारंभ आणि जेवणं बंद केली नाहीत. निमंत्रणं वेळेवर गेली, दिवे लागले. यजमानीण घाबरली नाही म्हणजे सरकार घाबरलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ गावात लावला जात होता. वॉशिंग्टनसारख्या कुजबुजीवर जगणाऱ्या शहरात हा फार मोठा संदेश होता.

आई एलायझा मात्र चार वर्षांत मोजक्या वेळाच खाली आली. १८६६ च्या ऑगस्टमध्ये हवाईच्या राणी एमा आल्या तेव्हा, आणि २९ डिसेंबर १८६८ रोजी, जॉन्सन यांच्या साठाव्या वाढदिवसाला. त्या दिवशी घरच्या पाच नातवंडांनी गावातल्या मुलांना बोलावलं होतं आणि ईस्ट रूममध्ये नाच ठेवला होता. तोवर निवडणूक होऊन गेली होती आणि दोनच महिन्यांत घर सोडायचं होतं.

ही सरळसरळ घराणेशाही नाही का?

हा आक्षेप रास्त आहे, आणि मार्थाच्या बाबतीत तर तो नेमका लागू पडतो. कारण तिचा नवरा डेव्हिड पॅटरसन जुलै १८६६ पासून टेनेसीचा सिनेटर होता. राहायचा सासऱ्यांकडे, व्हाइट हाउसमध्ये. म्हणजे सासऱ्यांच्या खटल्यात जावई न्यायनिवाडा करायला बसला! १६ मे १८६८ रोजी निकाल लागला: दोषी ३५, निर्दोष १९. सदस्य ५४ हजर, दोन तृतीयांश म्हणजे ३६. एका मताने जॉन्सन वाचले, आणि त्या १९ मध्ये जावईबापूंचं मत होतं. २६ मे रोजी आणखी दोन आरोपांवर हाच आकडा आला.

मग नात्यानेच त्यांना वाचवलं का? हिशेब मांडून बघा. पॅटरसन लाजेखातर बाहेर थांबले असते, तर हजर सदस्य ५३ झाले असते. त्याचे दोन तृतीयांश ३५.३३, म्हणजे पुन्हा ३६ मतंच हवीत, आणि विरोधकांकडे होती ३५. निकाल तोच. जावयाने सासऱ्यांविरुद्ध मत दिलं असतं, तरच तो बदलला असता. शिवाय दुसऱ्या बाजूलाही स्वच्छता नव्हती. उपाध्यक्षपद रिकामं असल्याने जॉन्सन गेले असते तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते, आणि या वेड यांनीही खुशाल मतदान केलं. दोषी म्हणून.

थोडक्यात, घराणेशाहीचा धोका यजमानीण मुलीने कुणाला कुठे बसवलं यात फारसा नसतो. तो असतो घरच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातात मत, सही किंवा कंत्राट असण्यात.

पाहुण्यांची यादी चुकली तर?

मार्थाच्या काळात यादी, पत्रिका आणि बैठक हे सगळं यजमानीण आणि एखाद-दुसरा कारकून यांच्यात चालायचं. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एडिथ रूझवेल्ट यांनी बेल हॅग्नर या सरकारी कारकून बाईंना याच कामासाठी घेतलं आणि ‘सोशल सेक्रेटरी’ ही जागा सुरू झाली. आता मेजवानीची साखळी लांब आहे. तारीख आणि मानाचा क्रम परराष्ट्र खात्याच्या शिष्टाचार विभागाकडे, यादी आणि बैठक सोशल सेक्रेटरीकडे, घर आणि कर्मचारी चीफ अशरकडे, म्हणजे घराच्या मुख्य व्यवस्थापकाकडे, नावांच्या पाट्या सुलेखनकारांकडे, आणि फाटकावर राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणारी सीक्रेट सर्व्हिस. मोठ्या भोजनगृहात सुमारे १४० माणसं बसतात. त्याहून बरीच जास्त असली की अनेकदा हिरवळीवर मांडव घातला गेलाय.

साखळी लांब असली की एक कडी सुटते. २४ नोव्हेंबर २००९ रोजी ओबामांची पहिली सरकारी मेजवानी होती, पाहुणे होते मनमोहन सिंग. यादीत नाव नसलेलं एक जोडपं नटूनथटून आत शिरलं आणि थेट ओबामांशी हस्तांदोलन करून आलं. चौकशीत दिसलं ते असं की फाटकावरच्या तपासनीसाने यादीशी नाव जुळत नसतानाही सोडलं, आणि यादी घेऊन फाटकावर उभा राहणारा सोशल सेक्रेटरीच्या कचेरीतला माणूस त्या रात्री तिथे नव्हता. पुढे तो माणूस पुन्हा उभा केला गेला, आणि सोशल सेक्रेटरी काही महिन्यांत पायउतार झाल्या.

या मुलींचं पुढे काय होतं?

बहुतेक जणी विस्मरणात जातात. फर्स्ट लेडींच्या याद्यांमध्ये साधारणपणे बायकांचीच नावं धरतात. त्यामुळे १८६५ ते १८६९ समोर नाव दिसतं एलायझाचं, चार वर्षं राबलेल्या मार्थाचं नाही. मार्थाने मार्च १८६९ मध्ये घर सोडलं ते सरळ ग्रीनव्हिलला. तिथलं घरही युद्धात दोन्हीकडच्या सैनिकांनी वापरून भिंती रेघोट्यांनी भरून ठेवलेल्या. म्हणजे पुन्हा दुरुस्तीच. १८७५ मध्ये वडील गेले, सहा महिन्यांत आई. मार्था १० जुलै १९०१ पर्यंत जगली. वडिलांना जिथे पुरलं ती टेकडी पुढे सरकारकडे गेली आणि १९०६ पासून ती राष्ट्रीय दफनभूमी आहे.

एका मुलीची वाट मात्र थेट आपल्याकडे आली. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची थोरली, मार्गारेट. जन्म १८८६ चा, शिकलेली गायिका. ऑगस्ट १९१४ मध्ये आई एलन गेली. दोन्ही धाकट्या बहिणींची लग्नं आधीच व्हाइट हाउसमध्ये लागून गेली होती, त्यामुळे यजमानपण अविवाहित मार्गारेटकडे आणि वडिलांच्या मावसबहीण हेलन बोन्स यांच्याकडे आलं. सुतकाचं घर, त्यातून युरोपात युद्ध, त्यामुळे मोठे समारंभ थोडे. डिसेंबर १९१५ मध्ये विल्सन यांनी दुसरं लग्न केलं आणि मार्गारेटची सुटका झाली. सुटका म्हणायचं कारण, तिला या कामाची आवड नव्हती. तिला गायचं होतं. १९१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रगीताची तिची ध्वनिमुद्रिका निघाली, उत्पन्न रेडक्रॉसला. मग युद्धात सैनिकांसमोर गाऊन गाऊन आवाजच गेला. पुढे जाहिरात कंपनीत नोकरी केली.

न्यूयॉर्कच्या वाचनालयात तिच्या हाती श्रीअरविंदांचं गीतेवरचं लेखन पडलं. १९३८ मध्ये ती पुदुच्चेरीला, तेव्हाच्या फ्रेंच पाँडिचेरीला, आश्रमात आली आणि ‘निष्ठा’ या नावाने तिथेच राहिली. रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचं स्वामी निखिलानंदांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९४२ मध्ये आलं, त्याच्या संपादनात तिचा हात होता. प्रकृती ढासळली तरी ती अमेरिकेला परतली नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती पाँडिचेरीतच वारली.

मग आज कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९६७ पासून कायदा आहे की सरकारी अधिकाऱ्याने आपल्या नातलगाला आपल्याच अखत्यारीतल्या सरकारी जागेवर नेमू नये. यजमानीण ही नेमणूकच नसल्याने ती यात येत नाही. १९७८ चा कायदा जास्त कामाचा. त्यात व्हाइट हाउसच्या कर्मचाऱ्यांची तरतूद आहे आणि स्पष्ट म्हटलंय की राष्ट्राध्यक्षांच्या कामात जोडीदार मदत करत असेल तर त्याला कर्मचारी आणि सोयी देता येतील, आणि जोडीदार नसेल तर राष्ट्राध्यक्ष कुटुंबातल्या ज्या व्यक्तीचं नाव देतील तिला. मुलगी, सून, बहीण, कुणीही. प्रथा म्हणून चाललेली गोष्ट अशी पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आली, पण पगार तेव्हाही ठेवला नाही. १९९३ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या आरोग्य समितीवरून खटला झाला, तेव्हा अपील न्यायालयाने याच तरतुदीचा आधार घेऊन म्हटलं की समित्यांच्या बैठका उघड ठेवण्याच्या कायद्यापुरतं राष्ट्राध्यक्षांच्या जोडीदाराला सरकारी कर्मचारी धरता येईल.

बायको असताना मुलीला हा दर्जा देता येतो का? त्या तरतुदीखाली नाही, कारण अट ‘जोडीदार नसेल तर’ अशी आहे. पण तात्पुरतं उभं राहायला कायद्याची गरज नसते. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा राजदूतांच्या स्वागत समारंभाला १७ वर्षांची मुलगी सुझन वडिलांशेजारी उभी राहिली.

इवांका ट्रम्प यांचं प्रकरण मात्र वेगळं, आणि लोक ते नेहमी यात मिसळतात. २०१७ मध्ये त्या सल्लागार झाल्या, पगार न घेता, पण रीतसर सरकारी जागेवर. १९६७ चा कायदा व्हाइट हाउसमधल्या नेमणुकांना लागू होत नाही, असं मत न्याय खात्याने त्याच जानेवारीत दिलं होतं. मार्था पॅटरसनला असं कुणाचं मत घ्यावं लागलं नाही, पण तिच्याकडे ना जागा होती, ना कचेरी, ना कुठली फाइल.